पेट्रोलचे डबे, नरसाळे आणि ॲमी जॉन्सन

११ मे १९३०. झाशीच्या छावणीवर एक लहानसे हिरवे विमान घिरट्या घालू लागले आणि उतरण्यासाठी मोकळी जागा शोधता शोधता लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर टेकले. मैदान तसे आखूड होते. विमानाचा वेग आवरेना. ते बराकींच्या दिशेने धावत गेले, वाटेत त्याचा पंख आपटून फाटला आणि अखेर दोन इमारतींच्या मधोमध ते अडकून उभे राहिले. आतून उतरली ती २६ वर्षांची, उन्हाने करपलेली, एकटी इंग्रज तरुणी. पहाटे ती कराचीहून निघाली होती आणि तिला अलाहाबादला पोहोचायचे होते. वाटेत समोरून वारा लागला, पेट्रोल अंदाजापेक्षा अधिक जळले आणि उरलेल्या पेट्रोलात अलाहाबाद गाठता येणार नाही हे तिच्या ध्यानी आले. म्हणून झाशी.

नेवाळकरांच्या या गावाला पराक्रमी स्त्रीचे अप्रूप नव्हते. तरी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने निघालेली स्त्री असे वाटेत उतरेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. रातोरात पंखाची डागडुजी झाली, टाक्यांत पेट्रोल पडले आणि दुसऱ्या दिवशी ॲमी जॉन्सन अलाहाबादमार्गे कलकत्त्याला रवाना झाली.

हे दिवस आपल्याकडे वेगळ्याच कारणाने धगधगत होते. ५ मे रोजी ॲमीने लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून उड्डाण केले, त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर कराडी येथे महात्मा गांधींना अटक झाली होती. १२ मे रोजी ती कलकत्त्याला उतरली, त्या दिवशी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. एका गोऱ्या मुलीच्या विमानाचे कौतुक करावे, अशी तेव्हा या देशाची मनःस्थिती नव्हती. ॲमीचे नाव जगभर झाले, पण भारतातून गेलेली तिची वाट आपल्या स्मरणात फारशी राहिली नाही, याचे एक कारण कदाचित हेही असावे.

ॲमी म्हटले की धाडस, हे समीकरण तिच्या हयातीतच रूढ झाले. वृत्तपत्रांनी तिला आकाशातली एकाकी मुलगी म्हणून रंगवले. प्रत्यक्षात त्या १९ दिवसांत धाडसाचे क्षण थोडे होते. काम मात्र रोजचे आणि कंटाळवाणे होते. दिवसभर उडून आल्यावर संध्याकाळी इंजिनाचे प्लग काढून साफ करायचे, तेल बदलायचे, गाळण्या धुवायच्या, झडपांची अंतरे तपासायची आणि सर्वांत शेवटी पेट्रोल भरायचे. रोज दोन-तीन तास यात जात. ती तगली ती या कामामुळे.

त्या काळी लहान विमानात पेट्रोल भरणे म्हणजे काय असे, हे आज सांगावे लागेल. मोठ्या विमानतळांवर पंप होते, पण बगदादच्या पुढे बहुतेक ठिकाणी पेट्रोल यायचे ते डब्यांतून. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा चौकोनी पत्र्याचा डबा, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात. आपल्या आजीच्या पिढीने घासलेटचा म्हणून जो डबा पाहिला, ज्याचे पुढे पाणी भरण्यापासून चुलीच्या आडोशापर्यंत शंभर उपयोग झाले, तोच हा डबा. मोटार असेल तर मोटारीतून, नसेल तर बैलगाडीतून किंवा माणसाच्या डोक्यावरून तो विमानापर्यंत येई. ॲमीचे विमान होते डी हॅविलंड कंपनीचे जिप्सी मॉथ. त्याची मुख्य टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी असे, जेणेकरून पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली इंजिनात उतरावे. म्हणजे डबा घेऊन वर चढायचे, टाकीच्या तोंडात नरसाळे धरायचे आणि उन्हात तापलेला पत्रा सांभाळत ओतत राहायचे.

नरसाळ्यात एक मऊ कमावलेले कातडे पसरलेले असे. सगळी मेख या कातड्यात. असे शॅमॉय कातडे आधी पेट्रोलमध्ये भिजवून घेतले की ते पेट्रोल झिरपू देते, पाणी मात्र अडवून धरते. गंज, वाळू आणि कचराही त्यावरच राहतो. डब्यात साठलेल्या ओलाव्याचे चमचाभर पाणी जरी टाकीत गेले, तरी ते तळाशी बसते आणि नेमके उड्डाणाच्या वेळी इंजिनाच्या नळीत उतरते. जमिनीवर बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करता येते. झाडांच्या शेंड्यांवर बंद पडले तर करता येत नाही. दुसरा धोका ठिणगीचा. पेट्रोल ओतताना घर्षणाने वीजभार साठतो, कोरड्या हवेत आणि कातड्यातून झिरपताना तर अधिकच. म्हणून डबा, नरसाळे आणि टाकी ही एकमेकांना धातूने जोडलेली राहतील याची काळजी घ्यावी लागे. आजही खासगी लहान विमानांचे हौशी मालक पिंप, हातपंप, गाळणी आणि जमिनीला जोडणारी तार यांची घरगुती जुळणी करतात, तेव्हा तत्त्व तेच असते: पाणी आत जाऊ द्यायचे नाही, ठिणगी पडू द्यायची नाही. बाकी सारा सोयीचा भाग.

हे सगळे शिकायला ॲमी काही यंत्रशाळेत जन्मली नव्हती. १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरगावी तिचा जन्म झाला. वडील मासळीचे व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी, चार बहिणींत ही थोरली. शेफील्ड विद्यापीठातून तिने १९२५ मध्ये अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली. पुढे एक दीर्घ प्रेमप्रकरण मोडले, आणि लंडनला एका वकिलाच्या कचेरीत ती टंकलेखनाची कामे करू लागली. विमानाशी तिचा संबंध आला तो १९२८ साली, लंडन एरोप्लेन क्लबच्या स्टॅग लेन येथील मैदानावर. सरकारी मदतीमुळे तिथे शिकण्याचा खर्च सामान्य पगारदार माणसाच्या आवाक्यात आला होता. उड्डाणात ती उपजत निपुण नव्हती. जमिनीवर टेकणे हा तिचा कच्चा भाग होता, आणि तो पुढेही कच्चाच राहिला.

मात्र मैदानाच्या कडेला जिथे विमाने उघडून ठेवलेली असत, त्या छपराखाली तिला खरी गोडी लागली. क्लबचा मुख्य यांत्रिक जॅक हम्फ्रीज याने या मुलीला आधी जवळ फिरकू दिले, मग हाती पाना दिला. कचेरीला जाण्यापूर्वी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर संध्याकाळी ती तिथे येई, डगला घालून इंजिने उघडी, भाग धुई, पुन्हा जोडी. तिथले कामगार तिला जॉनी म्हणू लागले. १९२९ मध्ये वैमानिकाच्या परवान्यापाठोपाठ तिने विमान-यांत्रिकाचा सरकारी परवानाही मिळवला. ब्रिटनमध्ये तो मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढे मिळालेल्या मानसन्मानांच्या गर्दीत हा कागद मागे पडला, पण तिच्या आयुष्यातला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत उपयोगी पडलेला कागद तोच होता.

ऑस्ट्रेलियाला एकटीने जाण्याचा बेत तिने मांडला, तेव्हा तिचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. पैशासाठी तिने बरेच उंबरे झिजवले. शेवटी वडिलांनी अर्धा आणि वंगणतेलाचे मोठे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी अर्धा भार उचलला. वापरलेले एक जिप्सी मॉथ ६०० पौंडांना मिळाले. वडिलांच्या मासळीच्या व्यापारचिन्हावरून त्याचे नाव ठेवले जेसन. वेकफील्ड यांच्याकडून मिळालेली दुसरी मदत पैशाइतकीच मोलाची होती: वाटेवरच्या मुक्कामांवर पेट्रोल आणि तेल आधीच पोहोचते करण्याची व्यवस्था.

लांबच्या पल्ल्यासाठी या विमानात जादा टाक्या बसवलेल्या होत्या. पुढच्या बैठकीच्या जागी माणूस नव्हता, पेट्रोल होते. सगळ्या टाक्या मिळून तीनशे लिटरहून अधिक, म्हणजे पंधरा-वीस डबे. वजनाने दोनशे किलोच्या वर. अडचण अशी की जादा टाक्यांतले पेट्रोल आपसूक इंजिनात येत नसे. उडता उडता वैमानिकाने हातपंप मारून ते वरच्या टाकीत चढवायचे. एका हाती दांडा, दुसऱ्या हाती पंप. पंपाजवळून पेट्रोल झिरपत असे आणि त्याची वाफ उघड्या बैठकीतही कोंडे. पहिल्याच दिवशी व्हिएन्नापर्यंतच्या प्रवासात तिला त्या वासाने मळमळून उलट्या झाल्या. तरी पंप थांबवता येत नव्हता. रेडिओ नाही, सोबती नाही, आणि दर थोड्या वेळाने पंप. पुढचे जवळपास तीन आठवडे असेच गेले.

कॉन्स्टॅन्टिनोपल, अलेप्पो, बगदाद. अलेप्पो ओलांडल्यावर वाळूच्या वादळाने विमान काही हजार फूट खाली फेकले आणि तिला वाळवंटातच उतरावे लागले. चाकांना सामानाचे अडण लावून, इंजिनावर आच्छादन घालून, पिस्तूल हाती धरून ती वादळ ओसरेपर्यंत विमानाच्या शेपटीशी बसून राहिली. इंजिनात वाळू गेली असती तर प्रवास तिथेच संपला असता. सहाव्या दिवशी, १० मे रोजी ती कराचीला पोहोचली. १९२८ मध्ये हेच अंतर एकट्याने कापणाऱ्या बर्ट हिंकलरपेक्षा ती तोवर दोन दिवसांनी पुढे होती. जगाचे लक्ष तिच्याकडे वळले ते इथपासून.

याच महिन्यात आणि याच मार्गावर आणखी दोन जिप्सी मॉथ उडत होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. आगा खान यांनी इंग्लंड आणि भारत यांमध्ये एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी पारितोषिक ठेवले होते. कराचीहून जे. आर. डी. टाटा निघाले होते, तर क्रॉयडनहून अस्पी इंजिनियर. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींना प्लगची अडचण होती. टाटांनी स्वतःजवळचे प्लग त्यांना दिले आणि पारितोषिक अस्पींनी जिंकले. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून मुंबईला पहिली नियमित टपाल नेली, तेव्हा अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीवरून, तशाच चार गॅलनच्या डब्यांतून. भारतीय विमानवाहतुकीच्या पहिल्या दिवशी बैल होते, ही गोष्ट आजच्या आलिशान विमानतळांवर कोणी आठवत नाही.

झाशी आणि कलकत्ता मागे टाकून ॲमी ब्रह्मदेशात शिरली ती पावसात. रंगूनचे घोडदौडीचे मैदान तिला दिसले नाही. १३ मे रोजी इन्सीन येथील तंत्रशाळेच्या फुटबॉल मैदानावर ती उतरली आणि विमान थेट चरात गेले. पंखा मोडला, पंख फाटला, चाकांचा सांगाडा वाकला. राखीव पंखा तिने इंग्लंडहूनच विमानाला बांधून आणला होता. पंखाचे कापड मात्र नव्हते. महायुद्धानंतर उरलेल्या विमानाच्या तागी कापडाचे शर्ट कोणी शिवून घेतले होते. ते उसवून पुन्हा विमानाला लावले गेले. कापड ताणून धरणारे रोगण रंगूनच्या एका औषधविक्रेत्याने अंदाजाने बनवून दिले. तंत्रशाळेच्या मंडळींनी आणि विद्यार्थ्यांनी अहोरात्र काम केले. हिंकलरचा विक्रम त्या तीन दिवसांत हातचा गेला. तरी या सबंध प्रवासातले सर्वांत सुंदर प्रकरण कोणते असे विचारले, तर इन्सीनचेच नाव घ्यावे लागेल. तिथे ॲमी कोणाची नायिका नव्हती. ती कामकऱ्यांतली एक होती.

पुढे बँकॉक, सिंगापूर, जावा. जावात उसाच्या एका मळ्यावर उतरताना बांबूच्या खुंट्यांनी पंखाला भोके पाडली, ती औषधी चिकटपट्टीने बुजवली गेली. तिमोर बेटावर ती ठरल्या जागी पोहोचली नाही आणि एक दिवस जगाला ती हरवली असे वाटले. २४ मे रोजी तिने तिमोरचा समुद्र ओलांडायला घेतला. सुमारे ५०० मैल पाणी, वाटेत उतरायला जागा नाही, हाताशी तोच पंप. मध्यावर तिला एक जहाज दिसले. तिच्यावर नजर ठेवण्यासाठीच तिथे थांबलेले ते तेलवाहू जहाज होते, त्याचे नाव फोरस. ती खाली येऊन हात हलवून गेली आणि जहाजाने तिची खबर डार्विनला बिनतारी कळवली. त्याच दिवशी ती डार्विनला उतरली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडणारी पहिली स्त्री.

त्यानंतरची कीर्ती तिला मानवली नाही. लंडनच्या एका वृत्तपत्राने १०,००० पौंड दिले, तिच्यावर गाणी निघाली, राजाने किताब दिला. गावोगावच्या सत्कारांनी मात्र ती इतकी खचली की दौरा अर्धवट सोडावा लागला. १९३१ मध्ये ती मॉस्कोमार्गे टोकियोला गेली, तेव्हा सोबतीला तिने जॅक हम्फ्रीजलाच घेतले. ती निवड पुरेशी बोलकी आहे.

१९३२ मध्ये तिने जिम मॉलिसन या नामांकित वैमानिकाशी लग्न केले आणि त्याच वर्षी केपटाऊनच्या एकट्या उड्डाणात नवऱ्याचाच विक्रम सुमारे दहा तासांनी मोडला. पण दोघे मिळून उडू लागले, तेव्हा पेट्रोलचा हिशेब एकटीचा राहिला नाही. जुलै १९३३ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरून न्यूयॉर्ककडे झेपावलेले त्यांचे विमान ३९ तासांनंतर अमेरिकेत पोहोचले खरे, पण टाक्या जवळजवळ रित्या होत्या. वाटेत उतरून पेट्रोल घ्यावे, असे ॲमीचे मत होते. जिमने न्यूयॉर्क गाठण्याचा हट्ट धरला. शेवटी ब्रिजपोर्ट येथे काळोखात उतरताना विमान दलदलीत उलटले. दोघे जखमी झाले. लोकांनी आठवण म्हणून विमानाचे तुकडे तोडून नेले.

पुढच्या वर्षीची गोष्ट आपल्या आणखी जवळची. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंड ते मेलबर्न अशी विमानांची मोठी शर्यत झाली. मॉलिसन दांपत्याचे काळे, डौलदार डी हॅविलंड कॉमेट कराचीला विक्रमी वेळेत पोहोचले. तिथून पुढे ते वाट चुकले आणि त्यांना जबलपूरला उतरावे लागले. त्या इंजिनांना लागणारे उंची पेट्रोल जबलपुरात नव्हते. मिळाले ते स्थानिक मोटारबस कंपनीचे. तेच टाक्यांत भरून ते निघाले. हलक्या पेट्रोलाने जोरकस इंजिन अवेळी ठोके घेते आणि तापते, हे स्टॅग लेनच्या छपराखाली शिकलेल्या बाईला सांगायला नको होते. एका इंजिनाचा दट्ट्या जागीच अडकला. उरलेल्या एका इंजिनावर अलाहाबादपर्यंत कसेबसे जाऊन शर्यत सोडावी लागली. १९३० मध्ये जे अलाहाबाद पेट्रोल सरल्याने हुकले होते, ते या वेळी गाठले, आणि तिथेच सारे संपले. १९३६ मध्ये तिने केपटाऊनचा विक्रम पुन्हा एकटीने केला. १९३८ मध्ये घटस्फोट झाला.

महायुद्ध सुरू झाल्यावर कारखान्यांतून निघालेली आणि तळातळांवर हवी असलेली विमाने पोहोचवण्याचे काम ज्या दलाकडे होते, त्यात ॲमी १९४० मध्ये दाखल झाली. विक्रम नाही, छायाचित्रे नाहीत. हे काम तिला आवडले होते असे दिसते. या दलाचे वैमानिकही रेडिओविना उडत.

४ जानेवारी १९४१ रोजी स्कॉटलंडमधील प्रेस्टविकहून एक ऑक्सफर्ड जातीचे दुइंजिनी विमान घेऊन ती ब्लॅकपूलला आली आणि बहिणीच्या घरी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वी, हवा वाईट असतानाही, ती ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे निघाली. अंतर तासाभराचे होते. सुमारे पावणेचार तासांनी थेम्स नदीच्या मुखाशी, ठरल्या वाटेपासून जवळजवळ १०० मैल दूर, जहाजांच्या तांड्याने ढगातून उतरणारी हवाई छत्री पाहिली. ढगांच्या वर अडकून, खाली उतरायला भोक शोधत शोधत तिचे पेट्रोल संपले, हा सर्वांत पटण्याजोगा तर्क. आपल्याच तोफांनी तिचे विमान पाडले, असे सांगणारेही पुढे निघाले. हॅसलमिअर या नौकेने तिला वाचवण्याचा प्रयत्न केला. नौकेचा कप्तान वॉल्टर फ्लेचर याने गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेतली आणि त्यातच त्याचा जीव गेला. ॲमी सापडली नाही. तिची पिशवी, धनादेशपुस्तक आणि उड्डाणांची नोंदवही पाण्यातून मिळाली.

जेसन आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.